स्वस्त युरिया आणि ट्रकचा न दिसणारा धूर

नाशिकच्या द्वारका चौकात काळा धूर ओकणारी गाडी लगेच नजरेत भरते. तिच्या शेजारचा चकचकीत बीएस-६ ट्रक नायट्रोजनचे ऑक्साइड सोडत असेल, तर ते कोणालाच कळत नाही. पीयूसी केंद्रालाही नाही, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा तेवढा मोजतात.

हे वायू आवरायला ट्रकला डेफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) लागतं: ३२.५ टक्के युरिया, बाकी क्षारमुक्त पाणी. गरम धुरात फवारलं की त्याचा अमोनिया होतो. उत्प्रेरकावर तो या ऑक्साइडशी भिडतो आणि उरतात नायट्रोजन व वाफ. शंभर लिटर डिझेलमागे साधारण पाच लिटर डेफ जातं.

गोम इथेच आहे. अनुदानातली युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. हिशेब केला तर तिच्यात सव्वाशे लिटर ‘डेफ’ होतं! पण शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो (२०१५ पासून सक्तीचा), बाययुरेट ही युरियातली अशुद्धीही जास्त. त्याने नोझल चोंदतं, उत्प्रेरकावर थर बसतो. मग इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते आणि भरलेला ट्रक कसारा घाट चढताना रांगतो. डेफ तपासायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबू नये. तो युरियाचं प्रमाण सांगतो, भेसळ नाही. कॅन सीलबंद घ्यावा, उत्पादनाची तारीख पाहावी, सावलीत ठेवावा. पितळी तोटी किंवा साधा लोखंडी पिंप वापरू नये.

नायट्रोजन डायऑक्साइडने श्वासनलिका सुजतात, दमा उसळतो. शिवाय हवेतल्या अमोनियाशी मिळून नायट्रेटचे बारीक कण बनतात, म्हणजे पीएम २.५. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत अडकली की ते तिथेच साचतात. या कणांची वार्षिक मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची ५. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नाशिक आहेच.

डेफचा खर्च मालकाच्या वहीत पडतो, इनहेलरचा मात्र चौकालगत राहणाऱ्याच्या. म्हणून तर सेन्सरला फसवणारी पेटी बसवून डेफ बंद करणारे निघतात. ट्रक पळतो, पीयूसीही मिळते. पकडायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. वाहतूकदाराच्या पावत्या ताडून पाहाव्यात: हजार लिटर डिझेलमागे पन्नासेक लिटर डेफ दिसायला हवं.