शत्रूच्या शत्रूचं गणित

जुलै १८९१ मध्ये फ्रेंच आरमार रशियाच्या क्रोनश्टाट बंदरात पाहुणं म्हणून आलं. स्वागतसमारंभात बँडने 'मार्सेयेज' हे फ्रेंच राष्ट्रगीत वाजवलं आणि झार तिसरा अलेक्झांडर डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. मार्सेयेज हे राजाचा शिरच्छेद करणाऱ्या क्रांतीचं गाणं आणि झार म्हणजे युरोपातला सर्वांत कट्टर निरंकुश राजा. शिवाय जुनी वैरं होतीच. नेपोलियन १८१२ साली मॉस्कोपर्यंत धडकला होता आणि क्रिमियाच्या युद्धात दोन्ही देश एकमेकांविरुद्ध लढले होते. तरीही तीनच वर्षांत या दोघांचा लष्करी करार पक्का झाला. असे जुने वैरी मित्र कसे झाले?

'शत्रूचा शत्रू तो आपला मित्र' हे उत्तर आपल्याकडे जुनंच आहे. कौटिल्याच्या मंडल सिद्धांतात शेजारचा राजा अरि आणि त्याच्या पलीकडचा मित्र, अशी सगळी मांडणीच आहे. पण १८७१ ते १९०७ या काळात युरोपातल्या बड्या सत्तांनी इतक्या कोलांटउड्या मारल्या, की एवढ्या एका ओळीत ते मावत नाही. गंमत म्हणजे या कोलांटउड्यांमागचा नियम पुढे राजकारणातल्या कुणी नाही, तर एका मानसशास्त्रज्ञाने आणि मग गणितज्ञांनी मांडला.

तुमचे दोन जिवलग मित्र एकमेकांचं तोंडही बघत नसतील, तर मधल्यामधे तुमची जी कुतरओढ होते, तिथूनच फ्रित्झ हायडरने १९४६ साली सुरुवात केली. तिघांमधल्या प्रत्येक जोडीला मैत्री असेल तर अधिक आणि वैर असेल तर उणे असं चिन्ह द्यायचं. तिन्ही चिन्हांचा गुणाकार अधिक आला तर त्रिकोण समतोल, उणे आला तर डळमळीत. म्हणजे तिघेही मित्र, किंवा दोघे मित्र आणि तिसरा दोघांचाही शत्रू, हे दोन प्रकार टिकतात. एकाचे दोन मित्र आपसात वैरी असतील, तर तो त्रिकोण टिकत नाही. तिघेही परस्परांचे शत्रू असले, तर त्यातल्या दोघांना कधी ना कधी हातमिळवणीचा मोह होतोच. १९५६ मध्ये डॉर्विन कार्टराइट आणि फ्रँक हरारी यांनी याला आलेखशास्त्राचं, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणिताचं, रूप दिलं. २००६ साली आंतल, क्रापिव्स्की आणि रेडनर या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी हेच त्रिकोण पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपावर ठेवून पाहिले.

आपणही पाहू. सुरुवात जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क याच्यापासून करावी लागते.

१८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सला हरवलं, अल्सास आणि लोरेन हे प्रांत तोडून घेतले, ५ अब्ज फ्रँकची खंडणी लादली आणि वर जर्मन साम्राज्याची घोषणा केली ती थेट व्हर्सायच्या राजवाड्यात. जर्मनी आणि फ्रान्स यांच्यातलं उणे चिन्ह तिथेच कायमचं कोरलं गेलं. त्यानंतर बिस्मार्कचा सगळा आटापिटा एकाच गोष्टीसाठी होता: फ्रान्सला जोडीदार मिळू द्यायचा नाही. त्यासाठी ऑस्ट्रिया-हंगेरी आणि रशिया दोघांनाही आपल्या बाजूला ठेवणं भाग होतं. १८७३ मध्ये तीन सम्राटांचा संघ झाला. पण बाल्कन प्रदेशात कुणाचा वरचष्मा असावा यावरून ऑस्ट्रिया आणि रशियाचं हाडवैर. एकाचे दोन मित्र आणि ते आपसात वैरी, म्हणजे अगदी नमुनेदार डळमळीत त्रिकोण!

बिस्मार्कने तो जवळपास वीस वर्षं निव्वळ हातचलाखीवर उभा ठेवला. १८७९ मध्ये ऑस्ट्रियाशी करार केला, रशियाने हल्ला केल्यास मदत करायची म्हणून. १८८७ मध्ये रशियाशी अत्यंत गुप्त 'पुनर्विमा करार' केला आणि काळ्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सामुद्रधुनींच्या बाबतीत रशियाला पाठिंबा देऊ केला. त्याच वर्षी ब्रिटन, इटली आणि ऑस्ट्रिया यांनी रशियाला तिथेच अडवण्यासाठी आपसात समझोता केला, त्यालाही फूस बिस्मार्कचीच. एवढी कसरत त्याच्यानंतर कुणाला झेपली नाही. मार्च १८९० मध्ये कैसर दुसऱ्या विल्हेल्मने त्याला घरी पाठवलं आणि त्याच्या वारसांनी पुनर्विमा कराराची मुदत वाढवायला नकार दिला. हा करार ऑस्ट्रियाशी केलेल्या कराराशी सुसंगत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरंही होतं. पण सुसंगतीचा हा हट्ट जर्मनीला महाग पडला असं मला वाटतं.

कारण एक त्रिकोण सावरला आणि शेजारचा कोसळला. रशिया आता जर्मनीच्या विरोधात, फ्रान्स तर आधीपासूनच विरोधात, आणि फ्रान्स-रशियाचं आपसात जुनं वाकडं. तीन उणे. यातलं सर्वांत सहज बदलण्यासारखं चिन्ह फ्रान्स-रशियाचं होतं आणि ते बदलायला पैसाही कारणी लागला. बिस्मार्कने १८८७ मध्येच जर्मन मध्यवर्ती बँकेला रशियन रोख्यांवर कर्ज द्यायला मनाई केली होती, त्यामुळे रशिया कर्जासाठी पॅरिसच्या बाजारात गेला होता. १८९२ मध्ये दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांनी लष्करी कराराचा मसुदा केला. जर्मनीविरुद्ध फ्रान्सने १३ लाख आणि रशियाने ७ ते ८ लाख सैनिक उतरवायचे, विरुद्ध गटाने सैन्याची जमवाजमव सुरू करताच दोघांनी ताबडतोब आपली जमवाजमव करायची. १८९४ च्या आरंभी त्यावर शिक्कामोर्तब झालं. हा मजकूर लक्षात ठेवा, १९१४ मध्ये तो पुन्हा लागणार आहे.

ब्रिटन तोवर काठावर होता. फ्रान्सशी आफ्रिकेत कुरबुर होती. १८९८ मध्ये नाईलकाठच्या फशोदा गावात ब्रिटिश सेनानी किचनर आणि फ्रेंच अधिकारी मार्शाँ यांच्या तुकड्या समोरासमोर आल्या आणि युद्ध थोडक्यात टळलं. रशियाची तर ब्रिटिशांना भारताच्या वायव्य सरहद्दीवर कायम धास्ती. दोन मित्र आणि दोघांचाही शत्रू असलेला तिसरा, असा हा त्रिकोण समतोल होता आणि तसाच राहिलाही असता. पण १८९८ आणि १९०० च्या कायद्यांनी जर्मनीने प्रचंड आरमार बांधायला घेतलं आणि ब्रिटनच्या मर्मावरच बोट ठेवलं.

आता ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात तीन उणे झाले. त्यात फेब्रुवारी १९०४ मध्ये जपानने रशियावर हल्ला केला. ब्रिटनचा जपानशी १९०२ पासून करार, फ्रान्सचा रशियाशी. दुसऱ्याच्या भांडणात आपण एकमेकांवर बंदुका रोखू, ही भीती दोन्ही राजधान्यांना होती. त्याच वर्षी ८ एप्रिलला ब्रिटन आणि फ्रान्सने जुने हिशेब मिटवले: इजिप्त ब्रिटनकडे, मोरोक्कोत फ्रान्सला मोकळीक, न्यूफाउंडलंडच्या मासेमारीवरचा वादही निकालात. राहिला ब्रिटन-रशिया हा शेवटचा उणे. ३१ ऑगस्ट १९०७ च्या सेंट पीटर्सबर्ग करारात इराणचे तीन पट्टे पाडले गेले, उत्तर रशियाची, आग्नेय ब्रिटनची आणि मधला पट्टा तटस्थ. अफगाणिस्तान आणि तिबेटबद्दलही समझोता झाला. इराणला कुणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

या वाटेत एक झकास अपवाद घडला. जुलै १९०५ मध्ये फिनलंडजवळच्या ब्यर्को इथे कैसर विल्हेल्म आणि झार निकोलस आपापल्या नौकांतून भेटले. जपानकडून मार खाल्लेल्या झारची मनःस्थिती हेरून कैसरने तयार मसुदा पुढे केला आणि झारने सही केली: युरोपात कुणी हल्ला केला तर एकमेकांना मदत. दोघे नात्यातले, पत्रांतून एकमेकांना विली आणि निकी म्हणणारे. पण झार घरी परतल्यावर त्याचे मंत्री हादरले, कारण हा करार फ्रान्सशी केलेल्या कराराच्या आड येत होता. फ्रान्स जर्मनीशी जुळवून घ्यायला तयार होणं शक्यच नव्हतं. काही महिन्यांतच तो कागद निकामी झाला. दोन सम्राटांच्या सह्यांपेक्षा शेजारच्या त्रिकोणाचं वजन जास्त ठरलं.

आता जरा हिशेब करू. ब्रिटन, फ्रान्स, रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली अशा सहा सत्ता. त्यांच्या जोड्या १५ आणि त्रिकोण २०. प्रत्येक जोडी मैत्रीची किंवा वैराची धरली तर एकूण रचना २ चा १५ वा घात, म्हणजे ३२,७६८. यातल्या सगळे त्रिकोण समतोल असलेल्या रचना किती? फक्त ३२. त्यातही सर्वांची सर्वांशी मैत्री असलेली रचना एकच. उरलेल्या ३१ मध्ये दोन तट पडतात: ६ रचनांत एकाविरुद्ध पाच, १५ रचनांत दोघांविरुद्ध चार आणि १० रचनांत तिघांविरुद्ध तिघे. १९०७ चा युरोप या शेवटच्या दहांपैकी एक: एकीकडे ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि दुसरीकडे जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली. या गणितात समतोल म्हणजे फक्त कुणाची कुतरओढ न होणं. शांततेशी त्याचा संबंध नाही. तिघांविरुद्ध तिघे या रचनेत १५ पैकी ९ जोड्या वैराच्या असतात.

मग १९१४ मध्ये युद्ध या करारांमुळेच पेटलं का? शाळेच्या पुस्तकांत करारांची साखळी दाखवलेली असते, एक कडी ओढली की पुढची आपोआप येते. मला ते चित्र फारसं पटत नाही. रशियाने सर्बियाची बाजू घेतली, पण तसा लेखी करार त्यांच्यात नव्हता. ब्रिटन फ्रान्ससाठी लढायला लेखी बांधील नव्हता. १९१२ मध्ये फ्रेंच आरमाराचा भर भूमध्य समुद्रावर आणि ब्रिटिशांचा उत्तरेकडच्या पाण्यावर अशी वाटणी झाली होती खरी, पण सोबतच्या पत्रांत यातून युद्धाचं बंधन येत नाही असं नोंदवून ठेवलं होतं. ब्रिटन ४ ऑगस्टला युद्धात उतरला तो बेल्जियमच्या तटस्थतेचा १८३९ चा करार पुढे करून. उलट इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात असूनही तटस्थ राहिला आणि मे १९१५ मध्ये ऑस्ट्रियावरच उलटला. ट्रेंटिनो आणि ट्रिएस्ट हे इटलीला हवे असलेले प्रदेश ऑस्ट्रियाकडे होते, आणि १९०२ मध्येच त्याने फ्रान्सला तटस्थतेचं गुप्त वचन देऊन ठेवलं होतं.

आघाड्यांनी खरा घात केला तो लष्करी वेळापत्रकांतून. फ्रान्स-रशिया करारामुळे जर्मनीला दोन आघाड्यांवर लढण्याची योजना आखावी लागली. सावकाश सज्ज होणारा रशिया तयार होण्याआधी, साधारण सहा आठवड्यांत फ्रान्सला झोपवायचं, असं ते गणित. साहजिकच रशियाची जमवाजमव म्हणजे जर्मनीसाठी घड्याळ सुरू झाल्याची खूण. १ ऑगस्टला ब्रिटन तटस्थ राहील अशी आशा वाटल्यावर कैसरने सैन्य पूर्वेला वळवायला सांगितलं, तेव्हा सेनापती मोल्टकेने ते अशक्य असल्याचं सांगितलं. सगळ्या गाड्या पश्चिमेकडे जाण्यासाठी आखलेल्या होत्या.

१९०७ च्या कराराची एक झळ आपल्यापर्यंतही पोहोचली. तुर्कस्तानला रशियाविरुद्ध ब्रिटनचा जो जुना आधार होता, तो ब्रिटन आता रशियाच्याच बाजूला. २ ऑगस्ट १९१४ ला तुर्कस्तानने जर्मनीशी गुप्त करार केला, आणि पुढे भारतीय लष्कराची सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात तुर्कांशी लढायला गेली. एप्रिल १९१६ मध्ये कुत इथे उपासमारीने शरण जाणाऱ्या या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या.

त्रिकोणाच्या या नियमातून भाकीत करता येतं का? रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड आणि स्कॉट बेनेट यांनी १९९३ मध्ये थोड्या वेगळ्या, पण याच जातकुळीच्या पद्धतीने तो प्रयत्न केला. १९३६ सालच्या १७ युरोपीय देशांची ताकद, सीमावाद, धर्म आणि राज्यपद्धती घेऊन त्यांनी ६५,५३६ शक्य विभागण्या तपासल्या. स्थिर ठरल्या फक्त दोन. एकीत सोव्हिएत संघ जवळजवळ सगळ्यांच्या विरोधात होता. दुसरी दुसऱ्या महायुद्धातल्या प्रत्यक्ष गटांशी जुळली, फक्त पोलंड आणि पोर्तुगाल सोडून. पोलंडला त्या गणिताने जर्मनीच्या बाजूला बसवलं होतं, कारण सोव्हिएत संघाशी त्याचं वैर जास्त खोल दिसत होतं. प्रत्यक्षात १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनी आणि सोव्हिएत संघ दोघांनीही पोलंडवर चाल केली.