समुदाय-संकेतस्थळाचे नियोजन (मुक्तस्रोत वेब फ्रेमवर्क)

रूबी ऑन रेल्स (२००४), जँगो (२००५), लाराव्हेल (२०११) किंवा व्ह्यू (२०१४) यांसारख्या मुक्तस्रोत वेब फ्रेमवर्कचा, म्हणजे संकेतस्थळे बांधण्याच्या तयार सांगाड्याचा, कोड गिटहबसारख्या कोड ठेवण्याच्या ठिकाणी सर्वांना खुला असतो. मात्र ते फ्रेमवर्क शिकणारे, रोज वापरणारे आणि त्यात भर घालणारे लोक एकत्र येतात ते त्याच्या समुदाय-संकेतस्थळावर. दस्तऐवज, नव्या आवृत्त्यांच्या घोषणा, पूरक पॅकेजांची सूची, चर्चेच्या जागांचे पत्ते आणि सहभागाचे नियम हा त्याचा नेहमीचा ऐवज. यातले काय स्वतः सांभाळायचे, काय दुसऱ्याच्या सेवेवर सोपवायचे आणि काय मुळातच ठेवायचे नाही, हे आधी ठरवणे म्हणजे त्याचे नियोजन.

नियोजनाच्या चर्चेत मुखपृष्ठाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व मिळते. रंग, बोधचिन्ह आणि घोषवाक्य यांवर प्रत्येकाला मत असते, म्हणून वादही तिथेच रंगतात. प्रत्यक्षात फ्रेमवर्क रोज वापरणारा माणूस शोधयंत्रातून थेट एखाद्या आतल्या पानावर उतरतो, हवी ती ओळ वाचतो आणि निघून जातो. मुखपृष्ठ त्याला दिसतही नाही. ते उपयोगी पडते ते फ्रेमवर्क निवडावे की नाही या विचारात असलेल्या नवख्याला. त्याला नेमके काय हवे असते? सध्याची आवृत्ती कोणती, तिला आधार (म्हणजे दुरुस्त्या) कधीपर्यंत मिळणार, परवाना कोणता आणि पहिला चालता नमुना किती वेळात उभा राहतो.

संकेतस्थळाचा खरा कणा म्हणजे दस्तऐवज. जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब विभागात झाला आणि चांगल्या दस्तऐवजांसाठी त्याचे नाव सुरुवातीपासून घेतले जाते. त्याच्या दस्तऐवजांत शिकवण्या, विषयवार मार्गदर्शन, संदर्भ आणि ‘अमुक कसे करावे’ असे चार प्रकार वेगळे ठेवलेले असतात. ही विभागणी वरवरची नाही. शिकवणीत सगळे पर्याय कोंबले की नवखा बावरतो, आणि संदर्भपानावर गोष्ट सांगत बसले की जाणकार वैतागतो. दस्तऐवजांचा मजकूर कोडच्याच रिपॉझिटरीत (साठ्यात) ठेवणे सोयीचे. मग कोड बदलणाऱ्याकडून त्याच पॅचमध्ये (बदलांच्या संचात) दस्तऐवजातला बदलही मागता येतो.

आवृत्त्यांचा प्रश्न याहून अवघड. फ्रेमवर्क पुढे सरकते, पण लोकांचे प्रकल्प जुन्याच आवृत्तीवर वर्षानुवर्षे चालतात, आणि शोधयंत्र त्यांना कोणत्या आवृत्तीचे पान दाखवील याचा नेम नसतो. म्हणून पत्त्यातच आवृत्तीचा क्रमांक असावा, पानावरून दुसऱ्या आवृत्तीच्या त्याच पानावर जाता यावे आणि आधार संपलेल्या आवृत्तीवर ठळक इशारा असावा. जुने पत्ते मोडणे हा या क्षेत्रातला सर्वांत महाग पडणारा आळस आहे, कारण वर्षानुवर्षांच्या उत्तरांतले आणि लेखांतले दुवे त्या पत्त्यांवर टेकलेले असतात. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीने मार्च २०२३ मध्ये नवे दस्तऐवज नव्या डोमेनवर आणले, तेव्हा जुने स्थळ वेगळ्या पत्त्यावर वाचायला ठेवले.

संकेतस्थळ स्वतःच्याच फ्रेमवर्कमध्ये बांधावे का, यावर हमखास वाद होतो. जँगोचे संकेतस्थळ जँगोतच आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. त्यामुळे उणिवा आधी घरच्यांनाच जाणवतात, शिवाय शिकणाऱ्याला खरा नमुना मिळतो. पण असे स्थळ अद्ययावत ठेवायला माणसे लागतात. ड्रुपल ही वेब फ्रेमवर्कपेक्षा मजकूर-व्यवस्थापन प्रणाली असली तरी तिचे उदाहरण इथे लागू पडते : ड्रुपल ८ नोव्हेंबर २०१५ मध्ये आले, तरी प्रकल्पाचे मुख्य स्थळ त्यानंतर अनेक वर्षे ड्रुपल ७ वर चालत राहिले. समुदाय लहान असेल तर स्थिर (आधीच तयार करून ठेवलेली) पाने बनवणारे साधन वापरणे शहाणपणाचे. लॉगइन नाही म्हणजे पासवर्ड सांभाळणे नाही आणि स्पॅमचा उपद्रवही नाही.

चर्चेच्या जागा बाहेर असल्या तरी त्यांचा अधिकृत पत्ता संकेतस्थळावरच हवा. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या जुन्या आयआरसी (लिखित गप्पांच्या) जाळ्याच्या ताब्यावरून वाद पेटला, तिथले बहुतेक स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट सुरू केले. असंख्य मुक्तस्रोत प्रकल्पांना अचानक बिऱ्हाड हलवावे लागले. डिस्कॉर्डसारख्या बंदिस्त गप्पांची अडचण निराळी : तिथली उत्तरे सहसा शोधयंत्राला दिसत नाहीत, त्यामुळे तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो.

सुरक्षेतील त्रुटी कळवण्याचा मार्ग मात्र खासगी असला पाहिजे आणि तो शोधावा लागता कामा नये. सार्वजनिक बग-नोंदीत त्रुटी टाकली, तर दुरुस्ती येण्याआधीच ती सगळ्यांना कळते. असा संपर्क कोणत्या ठरावीक फाइलमध्ये द्यावा याचे संकेत इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतील आरएफसी ९११६ (२०२२) मध्ये दिलेले आहेत. आचारसंहितेसाठी अनेक प्रकल्प ‘काँट्रिब्युटर कव्हेनंट’चा (२०१४) मसुदा घेतात; तक्रार कोणाकडे जाते हे त्यात भरले नाही, तर तो कागदच राहतो.

भाषांतराची आखणी करताना शिळेपणाचा विचार आधी करावा. परिच्छेदवार भाषांतर होत असेल, तर मूळ बदललेला परिच्छेद तेवढा इंग्रजीत दिसतो आणि वाचक जुन्या सूचनांच्या मागे लागत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित बाब म्हणजे मालकी. डोमेन कोणाच्या नावावर आहे, सर्व्हरचे पैसे कोण भरतो, नाव आणि बोधचिन्ह कोणाचे? आरंभी हे सारे बहुधा मूळ लेखकाच्या खिशात असते. जँगोसाठी २००८ मध्ये ‘जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन’ स्थापन झाले. झेंड फ्रेमवर्क लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेले तेव्हा त्याचे नावच बदलून लामिनास झाले. त्यासोबत पॅकेजांची नावे आणि संकेतस्थळही बदलले. संस्था उभारण्याइतका समुदाय नसेल, तर निदान डोमेनच्या आणि सर्व्हरच्या किल्ल्या दोघा-तिघांकडे असाव्यात, आणि त्या कोणाकडे आहेत हे लिहून ठेवलेले असावे.