रोस्टर उलटं फिरवू नका

नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत शिफ्टचं रोस्टर बोर्डावर लागलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यावर पेनाची खाडाखोड झालेली असते. ‘रात्रीपर्यंत सेकंड शिफ्ट करून लगेच सकाळच्या फर्स्टला मीच का?’ यावर शिफ्ट इन्चार्जचं उत्तर ठरलेलं: ‘होते हो सवय.’

ही सवय व्हायची कुठे? मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० चेतापेशींचा पुंजका आहे. त्यातली प्रत्येक पेशी स्वतःच झोप-जागेचं घड्याळ. क्लॉक आणि बीमॅल-१ ही प्रथिनं ‘पिरियड’ जनुकं चालू करतात, त्यांतून पीईआर प्रथिन बनतं. ते साचतं, क्राय नावाच्या प्रथिनाला घेऊन पेशीकेंद्रकात शिरतं आणि आपल्याला जन्म देणाऱ्या जोडीचंच काम थांबवतं. नवं पीईआर बनत नाही, जुनं मोडत जातं, की जोडी मोकळी आणि फेरा पुन्हा सुरू. फळमाशीतल्या याच घड्याळाच्या उलगड्यासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं.

खरी गंमत पुढे आहे. माणसात हा फेरा २४ तासांहून सरासरी दहा-एक मिनिटं लांब असतो. शरीराचं तापमान पहाटे सर्वांत खाली जातं. त्यानंतर डोळ्यांत गेलेला उजेड घड्याळ अलीकडे आणतो, म्हणजे झोप लवकर येते; त्याआधीचा पलीकडे ढकलतो, म्हणजे उशिरा येते. मुळात फेराच लांब, म्हणून बहुतेकांना उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. फर्स्ट, सेकंड, नाईट हा क्रम त्यामुळेच मानवतो. झोपेचे अभ्यासक चार्ल्स चाइस्लर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या युटामधल्या एका कारखान्यात उलटं, म्हणजे नाईट, सेकंड, फर्स्ट असं फिरणारं रोस्टर सुलटं केलं आणि शिफ्ट आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलली. कामगारांचं समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढल्याचं त्यांनी १९८२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं.

ब्राह्ममुहूर्ताला न उठणारा तो आळशी, हे प्रवचनापुरतं ठीक. रात्री जागण्याचा कल काही अंशी जनुकांतून येतो. अशांपैकी कुणाला नाईट हवी असेल तर आधी त्यांना विचारावं.

तेव्हा इन्चार्जने भांडणाचे दोन भाग करावेत. रात्री ११ला सुटलेल्याला सकाळी ७ला बोलवायचं नाही, यावर चर्चाच नको. कोपरखैरणेहून ठाणे, पुढे डोंबिवली, जेवण, परतीचा प्रवास. आठ तासांतून झोपेला उरतात जेमतेम चार. शनिवारचा ऑफ आणि गणपतीची रजा यांत मात्र जीवशास्त्राला काही म्हणायचं नाही. तिथे गेल्या वर्षीचं रजिस्टर सगळ्यांसमोर उघडावं आणि ज्यांना तेव्हा मिळाली नव्हती, त्यांची नावं आधी लिहावीत.