फ्लीस इन, ब्रेटफर्टन

इंग्लंडच्या वूस्टरशायर परगण्यात, इव्हशॅमजवळच्या ब्रेटफर्टन गावातले जुने मद्यगृह, म्हणजेच पब. ‘फ्लीस’ म्हणजे मेंढीच्या अंगावरून कातरलेली लोकर. इमारत पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची. बर्ड नावाच्या शेतकरी घराण्याने ती राहण्यासाठी बांधली. एकाच लांबट छपराखाली माणसेही राहत आणि गुरेही. मद्यविक्रीचा परवाना आला १८४८ मध्ये. त्याआधीची चारशेहून अधिक वर्षे हे शेतकऱ्याचे घरच होते, आणि ते लक्षात घेतल्याशिवाय इथली रचना उलगडत नाही.

इमारतीचा सारा भार ओकच्या लाकडी सांगाड्यावर आहे. अशा बांधकामात सुतार ओक ओला असतानाच कापत, एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचे कोरलेले टोक, म्हणजे कुसू, बसवत आणि वरून लाकडी खुंटी ठोकत. लाकूड वाळताना पिळवटते, पण त्यामुळे सांधे उलट घट्ट होतात. जुन्या इंग्रजी घरांचे खांब कललेले आणि जमिनी उतरत्या दिसतात, त्यामागे बहुधा हेच असते. खांबांमधली जागा काटक्या विणून, माती लिंपून भरायची रीत कोकणातल्या कुडाची आठवण करून देणारी आहे.

आत एकच मोठे दालन नाही. खोल्या लहान, तुळया डोक्याला लागतील इतक्या खाली, पायाखाली दगडी फरशी. ‘ब्रूहाऊस’, ‘डगआउट’ आणि ‘प्यूटर रूम’ अशी खोल्यांची नावे आहेत. शेवटच्या खोलीत कथलाच्या मिश्रधातूची जुनी ताटे मांडलेली आहेत. खरे पाहण्याजोगे आहे ते चुलाण्यापुढे. तिथल्या दगडांवर पांढरी वर्तुळे काढलेली दिसतात. धुराड्यातून चेटकिणी घरात उतरू नयेत म्हणून ती काढत. आपल्या उंबऱ्यावरच्या रांगोळीमागची भावना याहून फार वेगळी नसावी.

बर्ड घराण्याच्या शेवटच्या मालकीण लोला टॅप्लिन १९७७ मध्ये वारल्या आणि त्यांनी मृत्युपत्राने ही वास्तू नॅशनल ट्रस्टला, म्हणजे ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेला, दिली. आत बटाट्याचे चिप्स विकायचे नाहीत, अशी अटही त्यांनी घातल्याचे सांगतात. वास्तू जपली गेली, पण बंदिस्त संग्रहालय झाली नाही, याचे श्रेय त्यांच्या या निर्णयाला द्यायला हवे.

२००४ मध्ये गवताने शाकारलेल्या छपराला आग लागली आणि वरच्या भागाची मोठी हानी झाली. दुरुस्तीनंतर २००५ मध्ये दारे पुन्हा उघडली.