वराडकर, लिओ

(१८ जानेवारी १९७९ – ). आयरिश राजकारणी, फिना गेल पक्षाचे नेते (२०१७–२४) व दोनदा पंतप्रधान (आयरिश पदनाम ‘टीशॉख’). जन्म डब्लिनचा. वडील अशोक हे मुंबईचे डॉक्टर; घराण्याचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड, आडनाव त्यावरूनच. आई मिरिअम आयरिश परिचारिका. ट्रिनिटी कॉलेजातून लिओ यांनी २००३ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली.

१९९९ ची स्थानिक निवडणूक ते हरले. २००३ मध्ये फिंगल परगणा परिषदेच्या रिक्त जागी स्वीकृत सदस्य म्हणून आले. तेथे अशा जागेसाठी पोटनिवडणूक होत नाही. जागा ज्या पक्षाची, त्याचाच माणूस परिषद घेते आणि त्याला मतदानाचा हक्क असतो, जो आपल्याकडील स्वीकृत नगरसेवकाला नसतो. २००४ मध्ये कॅसलनॉकमधून पहिल्या पसंतीची ४,८९४ मते (तेथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात) मिळवून ते मतमोजणीच्या पहिल्याच फेरीत निवडून आले. त्या वर्षीचा हा देशातील उच्चांक होता.

२००७ मध्ये डब्लिन पश्चिममधून ते संसदेच्या कनिष्ठ सभागृहात (डॉल) गेले. आपल्या राज्यसभेप्रमाणे तेथेही एकल संक्रमणीय मतपद्धती (एकाच मताचे पसंतीक्रमाने पुढील उमेदवाराकडे संक्रमण) आहे, मात्र मतदार थेट जनता. तीन जागांसाठी कोटा (निवडून येण्यास लागणारी मते) वैध मतांच्या चतुर्थांशाहून किंचित अधिक. पुढे परिवहन (२०११), आरोग्य (२०१४) व सामाजिक संरक्षण (२०१६) ही खाती.

२०१७ च्या पक्षनेतेपदाच्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना सामान्य सदस्यांची ७,०५१ मते पडली, वराडकरांना ३,७७२. तरी वराडकर जिंकले, कारण गटांचे भारांक असमान होते : संसदीय पक्ष ६५, सदस्य २५, स्थानिक प्रतिनिधी १० टक्के. संसदीय पक्षाच्या ७३ पैकी ५१ मतांनी त्यांना सुमारे ४५.४ गुण दिले, सदस्यांकडून ८.७ व १२३ विरुद्ध १०० अशा स्थानिक मतांतून ५.५ मिळून बेरीज जवळपास ६० झाली. जनाधार नसलेला नेता ही टीका मात्र या आकड्यांवरून पुरती सिद्ध होत नाही. स्थानिक प्रतिनिधींतही त्यांना आघाडी होती.

१४ जून २०१७ रोजी डॉलने ५७ विरुद्ध ५० मतांनी त्यांना पंतप्रधान निवडले. वय ३८; तोवरचे सर्वांत तरुण टीशॉख. मायकेल कॉलिन्स १९२२ मध्ये हंगामी सरकारचे प्रमुख झाले तेव्हा ३१ वर्षांचेच होते, पण हे पद १९३७ च्या संविधानाने आले, म्हणून ती तुलना सहसा ग्राह्य धरत नाहीत. २०२४ मध्ये सायमन हॅरिस ३७ व्या वर्षी त्या पदी आले.

२०२० च्या निवडणुकीत वराडकर पाचव्या फेरीत डॉलवर निवडून आले. आघाडी सरकारात पंतप्रधानपद आळीपाळीने ठरल्याने आधी उपपंतप्रधान होऊन डिसेंबर २०२२ मध्ये ते पंतप्रधानपदी परतले. मार्च २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला. त्याच वर्षीची सार्वत्रिक निवडणूक लढवली नाही.