नागरी हरितक्षेत्रांचे अंकीय नकाशांकन

शहरातील उद्याने, रस्त्याकडेची झाडे, नदीकाठ, खाजगी बागा व पडीक गवताळ जागा यांचा विस्तार आणि त्यांतील बदल उपग्रहप्रतिमा व भौगोलिक माहिती प्रणाली यांच्या आधारे टिपण्याची पद्धत.

तिचा कणा म्हणजे एनडीव्हीआय हा हिरवाईची घनता दर्शवणारा वनस्पती निर्देशांक. हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते, तर पानाची अंतर्रचना निकट अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, तांबड्यापलीकडचा) प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. अवरक्त परावर्तनातून तांबडे वजा करून त्या वजाबाकीला दोहोंच्या बेरजेने भागले की −१ ते +१ यांदरम्यान मूल्य मिळते; ते जितके जास्त तितकी हिरवाई दाट. निर्देशांकाचे जनकत्व सहसा राउस व त्यांच्या टेक्सासमधील सहकाऱ्यांना (सु. १९७३-७४) दिले जाते. तथापि हेच सूत्र क्रीगलर व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये बहुवर्णपटीय (अनेक प्रकाशपट्ट्यांत टिपलेल्या) प्रतिमांवरील पूर्वसंस्कार म्हणून मांडले होते. त्यामुळे सूत्र क्रीगलर यांचे आणि लँडसॅट-१ (१९७२) या अमेरिकी उपग्रहाच्या प्रतिमांवर वनस्पतिमापनासाठी ते रुजवण्याचे श्रेय राउस यांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सध्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या १० मी. पिक्सेलच्या (प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोनाच्या) प्रतिमा (प्रकाशपट्टा ४ तांबडा, पट्टा ८ निकट अवरक्त) अधिक वापरात आहेत. ढग व त्यांच्या सावल्या आधी वगळाव्या लागतात. तुलना एकाच ऋतूतील प्रतिमांची करावी. अन्यथा पानगळ ही वृक्षतोड ठरते. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या सेंटिनेल-२ प्रतिमांच्या प्रक्रियेत प्रत्येक पट्ट्याच्या अंकीय मूल्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा न केल्यास तांबडा ५०० व अवरक्त ३५०० असलेली जागा १५०० व ४५०० अशी वाचली जाते आणि निर्देशांक ०.७५ वरून ०.५० वर येतो. बागेतले एकही झाड पडलेले नसताना नकाशा ऱ्हास दाखवतो. जुन्या-नव्या प्रतिमांची मालिका जोडताना ही चूक हमखास होते.

एक पिक्सेल १०० चौ. मी.चा असल्याने एकट्या झाडाचे मूल्य डांबरात मिसळते. त्यासाठी १ मी.हून सूक्ष्म प्रतिमा किंवा लायडार (लेसर किरणांनी उंची मोजण्याचे तंत्र) लागते. गवत व वृक्ष यांतील भेदही उंचीशिवाय नीट कळत नाही. क्षेत्रफळ वेब मर्केटर (संकेतस्थळांवरील नकाशांत रूढ असलेल्या) प्रक्षेपणात मोजू नये : ६०° अक्षांशावर ते सुमारे चौपट भरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने घरापासून ३०० मी. सरळ अंतरात ०.५ ते १ हेक्टरचे हरितक्षेत्र सुचवले आहे. प्रत्यक्षात प्रवेशद्वारापर्यंतचे पायी अंतर मोजणे अधिक योग्य.