तळी बुजण्याआधी बांध फुटले : गोव्याच्या पाणथळींची पार्श्वभूमी

पणजी शहराचा मोठा भाग मुळात दलदलीवर उभा आहे. सतराव्या शतकात रायबंदरला जोडणारा लांबलचक पूल खाजने (बांध घालून राखलेली नदीकाठची शेते) आणि मिठागरे कापत बांधला गेला. १८३०च्या आसपास पोर्तुगीज गव्हर्नर दों मान्युएल द पुर्तुगाल इ काश्त्रु यांनी वाळूच्या टेकाडांचे सपाटीकरण करून पाणथळ जागा बुजवल्या, आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. पणजीतल्याच पाटो भागातला कचेऱ्यांचा परिसर तर गोवामुक्तीनंतरच्या भरावावरचा. म्हणजे बुजवणे गोव्याला नवे नाही. पूर्वी मात्र एका जागी भराव पडला, तरी आजूबाजूच्या पाण्याची राखण करणारी माणसे गावोगावी होती.

ही राखण कळायला खाजन समजून घ्यावे लागते. मांडवी, झुवारी, साळ, शापोरा या नद्यांच्या काठची, एरवी भरतीखाली जाणारी जमीन बांध घालून शेतीला आणली, ती खाजन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे. चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचे बांध. त्यात मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती चढली की नदीच्या दाबाने झडप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. आत पोय नावाचा पाण्याचा पाट, पावसाळ्यात खारटपणा सोसणारे कोरगुट भात, नंतर मासे आणि कोळंबी. शेते भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने मुसळधार पावसात डोंगरावरून आलेले पाणी इथे पसरून ओहोटीची वाट पाहते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ही जागा किती मोलाची, हे मेरशी, सांताक्रुझ आणि ताळगावच्या सखल शेतांजवळ राहणाऱ्यांना सांगावे लागू नये.

तळीही बरीचशी हातांनी घडवलेली. करमळीचे तळे, कुडतरीची तळी ही पावसाचे पाणी अडवून वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरचे, भात पिकवण्यासाठी केलेली. कुडतरीला दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्याचे धान्याचे कोठार म्हणत, ते या पाण्याच्या जोरावर. हे सगळे गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, ताब्यात होते. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये गावकरीचे रीतिरिवाज लेखी नोंदवले, पुढे तिला कोमुनिदाद म्हटले, पण व्यवस्था त्यांच्या आधीची. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव व्हायचा, बांधांची डागडुजी सामाईक पैशातून व्हायची. बांधाला भोक पडले तर ते रातोरात बुजवणे हे साऱ्या गावाचे काम असे.

१९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला. ते न्यायाचेच होते. पण बांधांची जबाबदारी कोमुनिदादीकडून कूळ संघटनांवर आली आणि बऱ्याच ठिकाणी ती कोणाचीच उरली नाही. तरुण पिढी नोकरीला, परदेशी गेली. फुटलेल्या बांधातून खारे पाणी शिरले, शेतात खारफुटी वाढली, आणि कागदावर ती जमीन ‘पडीक’ झाली. त्याच सुमारास ओपा आणि साळावली या पाणीपुरवठा प्रकल्पांचे पाणी नळाने घरात आले. तळ्यातल्या पाण्यावर आपली विहीर भरते, याची आठवण ठेवण्याचे कारणच संपले. शहर पुढे सरकले ते अशा सोडून दिलेल्या जमिनीवर, आणि म्हणून त्याला फारसा अडसर झाला नाही.

१९६१ मध्ये गोव्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आत होती. २०११ मध्ये ती १४.५८ लाख झाली आणि त्यातले ६२ टक्के लोक शहरी गणले गेले. थेट इमारतींपेक्षा मला रस्त्यांचे भराव अधिक घातक वाटतात. भरावाखाली दोन-चार पाइप टाकले तरी शेतावर पसरून वाहणारे पाणी त्यातून मावत नाही. वरच्या बाजूला ते साचते, पीक कुजते, शेतकरी शेत सोडतो, आणि काही वर्षांनी जमीन रूपांतराचा अर्ज येतो. कोकण रेल्वेचा मार्ग आखला गेला तेव्हा खाजनांच्या चिंतेने मोठे आंदोलन झाले होते. मडगावच्या पश्चिम बगलरस्त्याबाबत लोकांनी भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता मागितला, तोही याच अनुभवातून. पणजीत सांतिनेज खाडीचा लोक आता नाला म्हणूनच उल्लेख करतात. सांडपाण्याने तिची ती गत केली.

कायद्याने इथे मदत केली, पण अपुरी. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना संरक्षण आहे. उलट २०१७ च्या पाणथळ नियमांतून भातशेती, मिठागरे आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. गोव्यातली खाजने आणि बरीचशी तळी नेमकी याच वर्णनात बसतात. माणसाने केलेले म्हणून कमी मोलाचे, हा निकष इथे उघडच चुकीचा आहे. नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या १७(२) कलमाने भूखंडागणिक क्षेत्रबदलाची वाट मोकळी केली. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले.

कुडचड्याचे ४२ हेक्टरचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. पावसाळा सरला की तिथे पाणी साठवतात आणि त्यावर खालच्या बाजूची भातशेती होते. ही शेती थांबली तर पाणी अडवायला कोण येणार, याचे उत्तर त्या दर्जात नाही. ते कुडचड्याच्या शेतकऱ्यांना भाताचा काय दर मिळतो यावर अवलंबून आहे.